दिवाळखोरीची फाइल शोधताय? आधी हे वाचा

अमेरिकेतली कुणाची दिवाळखोरीची फाइल स्वतः शोधायला निघालात? अभिनंदन, चिकाटी ठेवलीत तर जमेल! पण काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) कचेरीत हेलपाटे घालू नका. अमेरिकेत दिवाळखोरीचे अर्ज फेडरल (केंद्रीय) कोर्टात दाखल होतात. ते ‘पेसर’ (PACER) या फेडरल कोर्टांच्या ऑनलाइन नोंदसेवेवर मिळतात: पानाला 10 सेंट, तिमाहीचं बिल 30 डॉलरपर्यंत असेल तर माफ. शोधाच्या निकालांनाही पैसे पडतात, म्हणून राज्य आणि वर्ष घालूनच शोधा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- नुसतं नाव जुळलं की तोच माणूस धरतात. पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे (तिथल्या सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे 4 आकडे ताडून पाहा.
- अर्ज दिसला की कर्ज माफ झालं समजतात. डॉकेट (खटल्यातल्या नोंदींची क्रमवार यादी) शेवटपर्यंत वाचा. खटला ‘डिसमिस’ झाला (कर्ज माफ न होता निकाली निघाला) की ‘डिस्चार्ज’ (कर्जमाफी) मिळाला, तिथेच कळतं.

घरावरचा बोजा मात्र काउंटी रेकॉर्डरकडेच (मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत) बघा. चॅप्टर 11 (मुख्यतः कंपन्यांसाठीचा दिवाळखोरीचा प्रकार) सध्या राहू द्या.