डिझेल गाडी ओढत नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा सरला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. डिझेल गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, चढावर दुसऱ्या गियरवर येते आणि दोन-तीन भाग बदलूनही फरक पडत नाही. या पत्रांत काय बदलले त्याची यादी सविस्तर असते. काय मोजले, ते मात्र क्वचितच लिहिलेले असते. इंजिनाला हवा, इंधन आणि धूर बाहेर जाण्याची मोकळी वाट या तीन गोष्टी लागतात, आणि त्यांपैकी कोणती अडली आहे हे ठरण्यापूर्वी खिशात हात घालू नये.

प्रश्न : माझी २०१४ ची डिझेल हॅचबॅक कुंभार्ली घाटात २००० आरपीएमच्या पुढे जात नाही आणि काळा धूर सोडते. चावी बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ बरी चालते. मेकॅनिक नवा टर्बो बसवा म्हणतो. बसवावा का? (चिपळूण)

आताच नको. काळा धूर बहुधा असे सांगतो की डिझेल येत आहे, पण ते जाळण्याइतकी हवा सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून (ती हवा थंड करणाऱ्या भागातून) इंजिनाकडे नेणारा रबरी होज इतक्या वर्षांत कडक होतो आणि क्लिपजवळ चिरतो; ही चीर उभ्या गाडीत मिटलेली असते आणि दाब वाढला की उघडते. इंजिनाचा संगणक एअर-फ्लो सेन्सरने मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो, त्यातली काही हवा वाटेतच गळते आणि उरलेल्या हवेत डिझेल अर्धवट जळते. दाब कमी आहे असे दिसताच संगणक संरक्षणासाठी शक्ती रोखून धरतो, त्यालाच लिम्प मोड म्हणतात. चावी फिरवल्याने ही रोख तात्पुरती उठते, बिघाड तसाच राहतो. स्कॅनरवर पी ०२९९ हा कोड आला, तरी त्याचा अर्थ टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे एवढाच असतो. टर्बो निकामी झाला आहे, असे तो कोड सांगत नाही. इंजिन थंड असताना होजवर कुठे तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ आहे का ते पाहून घ्यावे. एअर फिल्टर, ॲक्च्युएटरची (टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाची) व्हॅक्युम नळी आणि काजळीने उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) यांची तपासणी झाल्यावरच टर्बोचा शाफ्ट सैल आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

प्रश्न : आंबोली घाटात हवा विरळ असल्यामुळे गाडीची ताकद कमी होते, हे खरे का? (सावंतवाडी)

नाही, आंबोलीची उंची साधारण ७०० मीटर आहे आणि निरोगी टर्बो इंजिनाला तेवढ्याने जाणवण्याइतका फरक पडत नाही, म्हणून कारण गाडीत शोधावे.

प्रश्न : आमच्या एसयूव्हीत कधीकधी होडीसाठी ड्रममध्ये साठवलेले डिझेल भरतो. पावसानंतर गाडी चढावर दम सोडते, धूर अजिबात नाही. डिझेल फिल्टर तीनदा बदलला. प्रत्येक वेळी काही दिवस बरी चालते. आता काय बदलावे? (रत्नागिरी)

आता काहीही न बदलता टाकी उतरवून धुऊन घ्यावी. धूर न सोडता भाराखाली गाडी मरगळणे हे इंधन कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते, आणि तीनदा बदललेला फिल्टर तीनदा तुंबतो तेव्हा घाण टाकीतून येत आहे, हे उघड आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या ड्रमच्या आतल्या बाजूला रात्री पाणी धरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या थरात सूक्ष्मजीव वाढून तपकिरी-काळा बुळबुळीत गाळ तयार होतो. तो फिल्टरवर बसला की नव्या फिल्टरचेही आयुष्य संपते.

जुन्या इंजिनांनी हे पुष्कळ सोसले, आणि त्याच सवयीने आजही कुठलेही डिझेल कुठल्याही गाडीत ओतले जाते, याची मला खरोखर चिंता वाटते. कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे सर्व सिलिंडरना ‘रेल’ या एकाच उच्चदाब नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनाच्या, उच्चदाब पंपाला वंगण डिझेलच पुरवते. त्याच्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते, आणि तिथे डिझेलच्या जागी पाणी गेले की धातूवर धातू घासतो. त्यातून निघालेला बारीक कीस रेलमधून थेट इंजेक्टरमध्ये (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागात) जातो. मग पंप, रेल, इंजेक्टर असे सर्वच बदलण्याची वेळ येते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तो खर्च तिच्या विक्रीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. एवढे नुकसान ज्या पाण्याने होते ते फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून वेळेवर काढता आले असते, आणि पुष्कळ गाड्यांत तर त्यासाठी स्वतंत्र दिवाही दिलेला असतो.

ड्रममधले डिझेल पारदर्शक काचेच्या बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला, तर ते गाडीत भरू नये. काढलेला फिल्टर फेकून न देता कापून पाहावा, आणि त्यात चमकणारे धातूचे कण आढळले तर इंजिन पुन्हा सुरूही न करता गाडी ओढत डिझेल लॅबमध्ये (पंप आणि इंजेक्टर तपासणाऱ्या वर्कशॉपमध्ये) न्यावी. कण नसतील, तर टाकी साफ झाल्यावर चढावर स्कॅनरने रेलचा दाब पाहावा. आयडलला (गाडी उभी आणि इंजिन चालू असताना) तो साधारण २५० ते ३०० बार असतो आणि पूर्ण भाराखाली पुष्कळ इंजिनांत १६०० बारच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. संगणक मागतो तो दाब आणि प्रत्यक्ष दाब यांत अंतर पडत असेल, तर आधी नळ्यांतून हवा शिरते का ते, मग इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलचे माप आणि शेवटी पंप, या क्रमाने तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओतली तर पिकअप परत येईल का? (दापोली)

फाटलेला होज, तुंबलेला फिल्टर किंवा झिजलेला पंप बाटलीने सुधारत नाही. आधी निदान करून घ्यावे.

प्रश्न : माझी बीएस ६ डिझेल गाडी रोज घर ते दुकान चार किलोमीटर जाते. डीपीएफचा दिवा लागला आणि ओढ कमी झाली. एका गॅरेजने डीपीएफ रिकामा करून प्रोग्राम बदलतो, ताकदही वाढेल, असे सांगितले. करावे का? (देवगड)

मुळीच करू नये. डीपीएफ हा धुराच्या मार्गातला फिल्टर काजळी अडवतो आणि सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला ती जाळतो. चार किलोमीटरच्या फेरीत ते तापमान येतच नाही. फक्त डीपीएफचा दिवा असेल आणि इंजिनाचा दिवा पेटलेला नसेल, तर गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे नांदगाव तिठ्यापुढे महामार्गावर वीस-तीस मिनिटे एकसारख्या वेगाने, इंजिन सुमारे २००० आरपीएमवर ठेवून चालवावी. दिवा तरीही गेला नाही, किंवा इंजिन ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी न चालवता अधिकृत वर्कशॉपला दाखवावी, कारण काजळी जाळण्यासाठी सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरलेले असू शकते. डीपीएफ काढणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे, आणि जे गॅरेज हे ग्राहकाला सांगत नाही त्याच्या हाती इंजिन देऊ नये.

प्रश्न : गेल्या पावसापासून गाडी कमी ओढते, निळसर धूर येतो आणि महिन्याला लिटरभर ऑइल घालावे लागते. शिमग्यानंतर दाखवली तर चालेल का? (खेड)

चालणार नाही, आणि इतके महिने थांबायलाच नको होते. टर्बोच्या सीलमधून ऑइल हवेच्या मार्गात जात असेल, तर एखाद्या दिवशी इंजिन त्या ऑइलवरच पळू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. कशेडी घाटात कुटुंबासह असा प्रसंग येऊ देऊ नका. गाडी उभी करा आणि याच आठवड्यात वर्कशॉपला दाखवा.

प्रश्न : आरपीएम वाढतो, वेग मात्र वाढत नाही. इंजिन उघडावे लागेल का? (कुडाळ)

बहुतेक क्लच प्लेट घसरत आहे, म्हणून इंजिनाला हात लावू देऊ नये. याच भेटीत चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहायला सांगावे, कारण खाऱ्या हवेत कॅलिपरच्या पिना गंजतात, ब्रेक अर्धवट धरून राहतात आणि दोष उगाच इंजिनाला दिला जातो.