केस गळतात म्हणून घेतलेलं औषध

या वेळच्या पत्रांत औषधांची नावं सगळ्यांना तोंडपाठ आहेत, पण आपली केसगळती नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे फार थोड्यांनी कुणाला विचारलेलं दिसतं. मिनॉक्सिडिल दुकानात चिठ्ठीशिवाय हातात पडतं, फिनास्टराइड घरपोच येतं, आणि शंका मात्र औषध सुरू झाल्यावर येतात. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी कारण, मग औषध, असा क्रम ठेवला आहे.

प्रश्न : मी २६ वर्षांचा. टाळूवर केस विरळ झालेत. ५ टक्के मिनॉक्सिडिल लावायला लागून पाच आठवडे झाले आणि आता उशीवर पूर्वीपेक्षा जास्त केस दिसतात. बंद करू का? (नाशिक)

बंद करू नका. केसाचं एक चक्र असतं : दोन ते सहा वर्षं वाढ, मग दोन-तीन आठवड्यांचा थांबा, मग सुमारे तीन महिने विश्रांती, आणि शेवटी गळणं. मिनॉक्सिडिल विश्रांतीतल्या मुळांना लवकर वाढीकडे ढकलतं. खालून नवा केस येऊ लागला की जुना केस वेळेआधी सुटतो. तो तसाही थोड्या आठवड्यांत गळणारच होता. त्यामुळे दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढलेली दिसते. नेमकं याच काळात कितीतरी जण बाटली फेकून देतात आणि औषध आपल्याला मानवलं नाही असं ठरवून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, पूर्ण परिणाम कळायला वर्ष. महिन्यातून एकदा, एकाच उजेडात, कोरड्या केसांचा वरून फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, आणि त्या दुष्परिणामातूनच १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायचं २ टक्क्यांचं द्रावण मंजूर झालं. ते सगळ्यांना लागू पडत नाही. त्वचेतलं एक एन्झाइम या औषधाला कामाच्या रूपात आणतं, आणि काहींच्या डोक्याच्या त्वचेत ते कमी असतं. कपाळाच्या कोपऱ्यांपेक्षा टाळूवर गुण जास्त येतो, ही तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट. पण लागू पडलं तर ते चालूच ठेवावं लागतं. सोडलं की काही महिन्यांत कमावलेले केस जातात. हे पहिल्या दिवशीच तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या डोक्याच्या त्वचेवर लावा. केसांना चोपडून उपयोग नाही. रात्रीचं लावणं झोपण्याच्या दोन तास आधी उरका, नाहीतर उशीमार्गे ते चेहऱ्याला लागतं. खाज आणि पापुद्रे आले तर दोष बहुधा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो; अशा वेळी फोम घेऊन बघा. १० टक्क्यांच्या बाटलीने जास्त केस येतात याला भरवशाचा पुरावा नाही, त्वचेचा त्रास मात्र वाढू शकतो. धडधड, छातीत दुखणं, चक्कर किंवा पायांवर सूज आली तर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि घरात मांजर असेल तर बाटली, हात, उशी सगळंच तिच्यापासून लांब ठेवा. हे औषध मांजरांच्या जिवावर बेततं.

प्रश्न : वय ३१. सहा महिन्यांनी लग्न आहे. डॉक्टरांनी फिनास्टराइड १ मिलीग्रॅम लिहून दिलं. मित्र म्हणतात, याने पुरुषत्व जातं, मूल होत नाही. खरं काय? (पिंपरी)

या गोळीबद्दल दोन टोकांची भाषा ऐकू येते, आणि दोन्हींमुळे रुग्णाचं नुकसान होतं. म्हणून सविस्तर लिहिते.

पुरुषी टक्कल पडतं ते टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या संप्रेरकामुळे. ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला संवेदनशील असतात, त्यांची मुळं डीएचटीमुळे हळूहळू बारीक होत जातात. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यातल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या काही मुलग्यांत डीएचटी बनवणारं एन्झाइम जन्मापासून कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली आणि त्यांना टक्कल पडलं नाही. ते एन्झाइम रोखणारी गोळी म्हणजे फिनास्टराइड. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी ५ मिलीग्रॅमची आणि १९९७ मध्ये केसांसाठी १ मिलीग्रॅमची गोळी मंजूर झाली. रक्तातलं डीएचटी त्याने साधारण दोन तृतीयांशाने घटतं.

गुण येतो का? येतो. दोन वर्षांच्या मूळ चाचण्यांत फोटो तपासले तेव्हा दर तीन पुरुषांपैकी जवळपास दोघांच्या केसांत सुधारणा दिसली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ती फार थोड्यांना दिसली. पण सहा महिने हा काळ कमी आहे. लग्नाच्या फोटोंसाठी म्हणून ही गोळी सुरू करू नका.

आता त्रास. त्याच चाचण्यांत कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं किंवा वीर्याचं प्रमाण घटणं अशा तक्रारी शंभरातल्या सुमारे चौघांनी केल्या, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतल्या सुमारे दोघांनी. बहुतेकांचा त्रास औषध थांबवल्यावर, काहींचा तर औषध चालू असतानाच गेला. धास्तीचाही वाटा असतो. प्रोस्टेटच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात ज्यांना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना आधी दिली, त्यांच्यात अशा तक्रारी न सांगितलेल्यांच्या जवळपास तिप्पट झाल्या. तरीही, औषध सोडल्यावर महिनोन्‌महिने त्रास राहिल्याचं सांगणारे पुरुष आहेत, आणि त्यांना ‘सगळं मनाचं आहे’ म्हणून परत पाठवणं मला मान्य नाही. मनावरच्या परिणामाबद्दल तर आता अधिकृत नोंद आहे : मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडचा दुष्परिणाम असल्याचं स्पष्ट केलं. पूर्वी नैराश्य आलं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. गोळी सुरू झाल्यावर मन उदास, बधिर वाटू लागलं तर ती थांबवा आणि त्याच आठवड्यात भेटा. आत्महत्येचे विचार मनात आले, तर एक दिवसही थांबू नका आणि घरच्यांना सांगा.

मूल होण्याबाबत : बहुतेकांना अडचण येत नाही. ज्यांच्या शुक्राणूंची संख्या मुळातच कमी आहे त्यांच्यात ती आणखी घटलेली दिसली आहे, आणि गोळी थांबवल्यावर सुधारलेलीही. प्रयत्न करूनही दिवस जात नसतील तर वीर्यतपासणी करून घ्या आणि गोळी थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. वीर्यातून पत्नीपर्यंत जाणारं औषध नगण्य असतं. पण फुटलेली किंवा कुटलेली गोळी गर्भवतीने हाताळू नये, कारण मुलग्याच्या गर्भावर परिणाम होऊ शकतो. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करू नका. याच प्रकारचं ड्युटास्टराइड घेत असाल तर सहा महिने. पुढे वयोमानाने पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराची रक्तचाचणी, करायची वेळ आली तर ही गोळी चालू असल्याचं नक्की सांगा. तिच्यामुळे तो आकडा जवळपास निम्मा दिसतो आणि खरा आजार लपू शकतो.

मिनॉक्सिडिलमध्ये फिनास्टराइड मिसळलेल्या बाटल्या हल्ली सर्रास दिल्या जातात. ‘लावायचं आहे, अंगात जात नाही’ हे बरोबर नाही. काही अंश रक्तात उतरतोच.

माझं मत विचाराल तर, लग्न होऊ द्या. होणाऱ्या पत्नीला विश्वासात घ्या, आणि मग दोघांनी मिळून ठरवा. तोवर मिनॉक्सिडिल लावा. तेवढ्या महिन्यांनी काही बिघडत नाही.

प्रश्न : वय २९. डेंग्यू होऊन अडीच महिने झाले. केस मुठीने जातात. मैत्रिणीच्या सांगण्यावरून बायोटिनच्या गमी सुरू केल्यात. आणखी काय घेऊ? (ठाणे)

बहुधा काहीच नको. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपाशी राहून वेगाने घटवलेलं वजन यांनंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मुळं शाबूत असतात. तीन ते सहा महिन्यांत गळती ओसरते. लांबी भरून यायला अर्थातच वर्ष लागतं. नुसता हिमोग्लोबिनचा आकडा बघून थांबू नका, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासा, आणि थायरॉइडही. कमी निघालं तर त्याची गोळी हेच तुमच्या केसांचं औषध. डाळ, अंडी, मासे, जे घरात चालतं ते पोटभर खा. सहा महिन्यांनंतरही गळती चालूच राहिली किंवा भांग रुंद होत गेला तर मात्र दाखवा.

बायोटिनची कमतरता नीट जेवणाऱ्या माणसात क्वचितच असते, आणि कमतरता नसताना ते केसांना काही देतं याला चांगला पुरावा नाही. उलट ते रक्ततपासण्या बिघडवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात, आणि हृदयविकाराचा झटका ओळखणारी ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी दिसू शकते. म्हणून तुमच्या तपासण्यांच्या दोन-तीन दिवस आधी गमी बंद करा आणि लॅबमध्येही सांगा.

केसांच्या गोळ्यांत सेलेनियम आणि ‘अ’ जीवनसत्त्वही घातलेलं असतं. दोन्ही जास्त झाली तर केस गळतात. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांत लोकांना टक्कल पडत गेलं, ते आपण सगळ्यांनी वाचलं. तिथे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त सापडलं, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. दोन-तीन कंपन्यांच्या ‘हेअर’ गोळ्या एकत्र घेणाऱ्या प्रत्येकीला मी हे उदाहरण सांगते.

प्रश्न : वय ५३. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेते. ‘याने केस जातात’ असं वाचलं आणि चार दिवसांपूर्वी गोळी बंद केली. बरोबर केलं ना? (सांगली)

नाही, ताई. हे वाचाल त्या दिवशी, आजच, तुमच्या डॉक्टरांना फोन करा. मेटोप्रोलॉलच्या गटातली औषधं एकदम थांबवली की रक्तदाब आणि हृदयाचे ठोके उसळतात. हृदयविकार असलेल्यांना झटकाही येऊ शकतो. छातीत दुखत असेल तर फोनचीही वाट पाहू नका, सरळ रुग्णालयात जा.

या गटातल्या औषधांनी केस गळू शकतात हे खरं, पण क्वचित. फिट्‌सचं व्हॅल्प्रोएट, लिथियम, मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारी हेपॅरिन-वॉरफॅरिन, मुरुमांचं आयसोट्रेटिनॉइन, यांच्याही बाबतीत हे घडतं. ओळखायची खूण म्हणजे तारीख : औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर साधारण दोन ते चार महिन्यांनी गळती सुरू झाली का? गोळी पाच वर्षं चालू असेल आणि केस याच वर्षी विरळ झाले असतील तर दोष गोळीचा नसण्याचीच शक्यता जास्त. पाळी गेल्यानंतर भांग रुंद होणं फार सामान्य आहे, आणि त्यावर मिनॉक्सिडिल चालतं. तारखा जुळल्याच तर डॉक्टर दुसऱ्या गटातलं औषध देतील. तो बदल त्यांनाच करू द्या.

प्रश्न : मुलगी २३ वर्षांची, पीसीओडी आहे. हनुवटीवर केस, डोक्यावर विरळ. स्पायरोनोलॅक्टोन दिलंय. ही तर लघवी वाढवणारी गोळी ना? (कोल्हापूर)

हो, आणि ती पुरुषी संप्रेरकांचा परिणामही अडवते, म्हणून ती इथे दिली जाते. गुण यायला सहा महिने तरी लागतात. पाळी अनियमित होणं, स्तन दुखणं, उठताना चक्कर येणं हे त्रास होऊ शकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम तपासावं लागतं. गोळी चालू असताना गर्भ राहता कामा नये. लग्न ठरत असेल तर हे तिला स्वतःला माहीत हवं, फक्त तुम्हाला नव्हे. कमी मात्रेची मिनॉक्सिडिलची गोळीही हल्ली दिली जाते, पण तिने चेहऱ्यावरचे केस वाढतात, आणि तुमच्या मुलीला तोच त्रास आहे. मी ती टाळेन.

प्रश्न : मी १९ वर्षांचा. डोक्यात रुपयाएवढ्या दोन चाया पडल्यात. आजी लसूण चोळते, आग होते. यावर नवीन गोळी आलीय म्हणे. (अहिल्यानगर)

लसूण आजपासून बंद. त्याने त्वचा भाजते, आणि भाजलेल्या त्वचेवर खूण राहिली तर केस येणं अवघड होतं. आजीला सांग, तिने डोकं नुसतं हाताने कुरवाळावं. चाई म्हणजे किडा नव्हे आणि संसर्गही नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. मुळं मरत नाहीत. तुझ्यासारख्या एक-दोन लहान चाया पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरून येतात. लवकर भरायच्या असतील तर त्या जागी दर चार ते सहा आठवड्यांनी स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. त्याने त्वचेला खळगा पडू शकतो, तो बहुतेक वेळा भरतो.

तू म्हणतोस त्या गोळ्या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या, जॅक इन्हिबिटर गटातल्या. बॅरिसिटिनिब अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. मोठ्या डोसवर ३६ आठवड्यांनी साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या डोक्यावर ८० टक्के केस आले, आणि ते रुग्ण असे होते ज्यांचे निम्म्याहून जास्त केस गेलेले होते. तुला त्यांची गरज नाही. या गोळ्यांनी संसर्ग वाढतात, दबलेला क्षयरोग उसळू शकतो, क्वचित रक्ताच्या गुठळ्याही होतात, आणि थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात. कुणी तुला क्षयरोगाची, कावीळ ‘ब’ आणि ‘क’ची तपासणी न करता त्या लिहून दिल्या, तर चिठ्ठी घेऊन दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.