कोस्टगार्डचा फोन कुठूनही उचलता येतो का?

प्रश्न असा आहे: ब्रिटनमध्ये २०१०-११ साली कोस्टगार्डची केंद्रं बंद करण्यावरून एवढं राजकारण का पेटलं? फोनच तर उचलायचा, तो कुठूनही उचलता येतो ना?

उचलता येतो, त्यात वाद नाही. पण उचलल्यावर समोरचा काय सांगतोय ते समजायला हवं, भांडण त्यावर होतं. मी खान्देशातला, समुद्र पाहिला तो सहलीत. पण तापीकाठच्या एका तहसील कचेरीत नोकरी झाली आणि पावसाळ्यात पूर नियंत्रण कक्षाची रात्रपाळी वाट्याला यायची. त्यामुळे हा वाद जरा जास्तच लक्ष देऊन वाचला.

आधी एक गोष्ट. कोस्टगार्ड म्हटलं की आपल्याला भारतीय तटरक्षक दल दिसतं, १९७७ पासूनचं, संरक्षण खात्याखालचं, जहाजं आणि तोफा असलेलं. ब्रिटनमध्ये ते परिवहन खात्याखालचं नागरी काम आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक लाइफबोटी आरएनएलआय या १८२४ सालच्या धर्मादाय संस्थेच्या, आणि तेव्हा हेलिकॉप्टरं बरीचशी हवाई दलाची आणि नौदलाची. कोस्टगार्डचा खरा जीव म्हणजे नियंत्रण कक्षात बसलेली माणसं. व्हीएचएफच्या (म्हणजे बोटींवरच्या रेडिओच्या) १६ नंबर चॅनेलवर आणि ९९९ या आणीबाणीच्या फोनवर कान लावून बसायचं, आणि कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवायचं. आता अशा खात्यात कक्षच बंद करायचे म्हटल्यावर उरलं काय, असं लोकांना वाटणारच.

डिसेंबर २०१० मध्ये सरकारने प्रस्ताव आणला. तेव्हा अशी १८ केंद्रं होती, लंडनचं छोटं धरलं तर १९. त्यातली तीनच चोवीस तास ठेवायची (ॲबरडीन, पोर्ट्समथ-साउदॅम्प्टनकडचं एक आणि डोव्हर), पाच फक्त दिवसा चालवायची आणि बाकीच्यांना टाळं. स्टॉर्नोवे आणि शेटलंड यांपैकी एकच ठेवू, असंही त्यात होतं. दोन्ही स्कॉटलंडच्या टोकाच्या बेटांवरची, दोन्हीकडे समुद्र तुफान, आणि त्यांना आपसात झुंजवून दिलं.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवं. जुन्या पद्धतीत एक केंद्र फार तर शेजारच्या केंद्राशी जोडलेलं असायचं. एकीकडे फोनवर फोन आणि लांबच्या केंद्रात माणसं माश्या मारत बसलेली, तरी त्यांना हात देता यायचा नाही. सगळ्यांना एका जाळ्यात आणणं गरजेचंच होतं. माझं म्हणणं एवढंच, की जाळं विणायचं काम आणि पैसे वाचवायचं काम एकाच कागदावर आलं की दुसरं पहिल्याला खातं. फक्त दिवसा चालणारं केंद्र ही कल्पना तर मला कधीच पटली नाही. बोट काय कार्यालयीन वेळ बघून बुडते?

विरोधकांचा मुख्य मुद्दा होता स्थानिक माहितीचा. मंत्री म्हणायचे, नकाशे संगणकावर आहेत. आमच्या कक्षातला प्रकार सांगतो. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की आम्ही रजिस्टर पुढे ओढून बसायचो. रकाने असे: वेळ, निरोप देणाऱ्याचं नाव, निरोप, कोणाला कळवलं. रात्री फोन यायचा, "भाऊ, खालतला मळामा पानी घुसनं, म्हशी अडकेल शेतस." एवढंच. गावाचं नाव विचारेपर्यंत फोन बंद. मी नकाशा घेऊन बसलो असतो तर सकाळ झाली असती. पण बाकावर कोतवाल बसलेला असायचा. तो आवाजावरून माणूस ओळखायचा, मळा कुठला ते सांगायचा आणि वर म्हणायचा, साहेब, नाल्याकडून जीप पाठवू नका, तो रस्ता केव्हाच गेला असेल. रजिस्टरात हे लिहायला रकानाच नव्हता. स्कॉटलंडच्या बेटांवर आणि वेल्समध्ये हेच दुखणं होतं. गेलिक आणि वेल्श नावं, सारख्या नावाच्या खाड्या, आणि घाबरलेला माणूस सांगणार ते गावातलं नाव, नकाशातलं नव्हे.

दुसरी कपात टगबोटींची (बंद पडलेली जहाजं ओढणाऱ्या बोटी), आणि ती जास्त बोलकी आहे. ५ जानेवारी १९९३ ला ब्रेअर नावाचा तेलवाहू टँकर इंजिन बंद पडून शेटलंडच्या खडकांवर गेला, सुमारे ८५,००० टन कच्चं तेल समुद्रात. त्यानंतर लॉर्ड डोनाल्डसन यांची चौकशी झाली, १९९४ साली अहवाल आला आणि पुढे सरकारी खर्चाने चार मोठे टग किनाऱ्याभोवती कायम तयार ठेवायची पद्धत पडली. २०१० च्या ऑक्टोबरात सरकारने सांगितलं, हे बंद, त्यातून ३.२५ कोटी पाउंड वाचतील. आणि त्याच आठवड्यात, २२ ऑक्टोबरला, नौदलाची कोरी करकरीत अणुपाणबुडी ॲस्ट्यूट स्काय बेटाजवळ गाळात रुतली. ओढायला कोण आलं? कपातीच्या यादीतल्या चारांपैकीच एक, अँग्लियन प्रिन्स. (ओढताना त्याने पाणबुडीला थोडं ठोकरलं, तेही सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये सांगेल.) विरोधी पक्षाला यापेक्षा आयता मुद्दा मिळाला नसता.

ज्यांनी सरकारी कचेरीत काम केलंय त्यांना या टगची गोष्ट नवी वाटणार नाही. पुरासाठी आलेली रबरी बोट वर्षभर गोदामात, आणि लेखापरीक्षणात अर्धसमास (तपासनिसाचा लेखी आक्षेप) येतो: बोटीचा वापर निरंक असताना देखभालीचा खर्च कशासाठी? आता काय उत्तर लिहायचं? यंदा पूर आला नाही, क्षमस्व?

राजकारण पेटायला आणखी एक कारण होतं. पंतप्रधान कॅमेरॉन यांच्या आघाडी सरकारमधल्या दोन्ही पक्षांचेही किनाऱ्यावरचे खासदार आपापलं केंद्र वाचवायला उभे राहिले. लुइझ एलमन यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या परिवहन समितीने जून २०११ मध्ये प्रस्तावावर कडक टीका केली. पुढच्याच महिन्यात परिवहनमंत्री फिलिप हॅमंड यांनी सुधारित योजना आणली. दिवसापुरती केंद्रं रद्द, जी राहतील ती चोवीस तास. शेटलंड आणि स्टॉर्नोवे दोन्ही वाचली. क्लाइड, फोर्थ, लिव्हरपूल, स्वॉन्सी वगैरे आठ केंद्रं मात्र गेलीच. फेअरहॅमला २०१४ साली राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. टगपैकी एक ऑर्कनीला राहिला.

म्हणजे जिंकलं कोण? माझ्या मते अर्धं अर्धं. बेटांनी आरडाओरडा केला म्हणून बेटं वाचली. क्लाइड आणि फोर्थची माणसंही तेवढीच ओरडली, पण ती मुख्य भूमीवर होती, त्यामुळे शेजारचं केंद्र सांभाळून घेईल हे उत्तर त्यांच्या गळ्यात मारता आलं.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडेही लागू आहे. ११२ लावला की जळगावचा, धुळ्याचा, नंदुरबारचा फोन आधी नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो आणि मग जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येतो. उचलणं लांब, पाठवणं जवळ, ही रचना मला ठीक वाटते. उद्या कोणी जिल्ह्याचा कक्षही खर्चिक आहे म्हणून काढायला निघालं, तर त्या बैठकीत एक कोतवाल बसवा आणि त्याला "खालतला मळा" कुठे ते विचारून बघा.