शहापूरचं घर माजघरापासून मोज

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

बेळगावच्या शहापूर-खासबागेतली घरं मोजायला निघण्याआधीच तू 'वाडा', 'विणकराचं घर', 'दुकानघर' असा तक्ता आखून ठेवला आहेस. तो सध्या बाजूला ठेव. या गल्ल्यांत एकच घर दोन-तीन पिढ्यांत या तिन्ही खान्यांतून गेलेलं असू शकतं. तुला शोधायचे आहेत ते जुन्या-नव्याचे सांधे.

मोजणी रस्त्याकडून नको, माजघरातून सुरू कर. गल्लीकडची बाजू सगळ्यात आधी बदलते: कट्टा जातो, सोप्याच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, खांबांमध्ये विटा भरतात, मग शटर बसतं. माजघर-देवघराला लोक सहसा शेवटी हात लावतात, म्हणून मूळ भिंत बहुधा तिथंच हाती लागते. प्रत्येक चौकटीपाशी भिंतीची जाडी घे आणि तिथल्या तिथं नकाशावर लिही. मातीची किंवा जांभ्याची जुनी भिंत दीड-दोन फूट भरते. वीट-सिमेंटची नवी नऊ नाहीतर साडेचार इंच. वाटणीची भिंत तर स्वतःच बोलते. ती तुळईचा आधार न होता नुसती तिच्या पोटाला टेकते, चौक मधोमध कापते, कोनाडा अर्धा गिळते.

खोलीच्या चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही घे. नुसत्या बाजूंवरून काढलेला नकाशा कागदावर काटकोनात बसतो. जुनी खोली तशी क्वचितच असते, आणि परड्यापर्यंत, म्हणजे मागच्या अंगणापर्यंत, पोचेतो फूटभर चूक साचते.

मग माळ्यावर जा. पाय तुळईवरच ठेव, फळ्यांवर नको. मंगळुरी कौल उलटं करून कारखान्याचा छाप वाच. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना 1865 मध्ये निघाला, म्हणजे आपल्याकडचं मंगळुरी छप्पर त्यानंतरचंच. पण छापावरून घराचं वय ठरवू नकोस, कारण उतरवलेली कौलं दुसऱ्या घरावर चढतात. त्यापेक्षा खालचं लाकूड बघ. ओबडधोबड गोल वाशांवर करवतीनं कापलेल्या सरळ रिपा ठोकलेल्या असतील, तर आधी तिथं नळीची, म्हणजे अर्धगोल देशी, कौलं असण्याची दाट शक्यता आहे. भिंतीच्या माथ्यावर विटांचे दोन-चार थर वेगळे दिसले, तर छप्पर उचललेलं आहे.

मागाच्या खोलीला घाई करू नकोस. खड्डामागाला, म्हणजे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो त्या मागाला, मातीची जमीन लागायची. तिचा ओलावा सुताला मानवतो, कोरड्या हवेत ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटतात. खड्डा बुजवला तरी भर नीट चोपलेली नसते, म्हणून फरशी चौकोनात खचते. काठीनं ठोकून बघ, आवाज पोकळ येतो. यंत्रमाग आला की काँक्रीटची जमीन आली, आणि हादऱ्यानं मातीच्या भिंतीला तुळईच्या टेकूखाली उभी चीर पडते. ती चीर नकाशात तारखेसह नोंदव.

ओलीबद्दल एक चूक फार होते, आणि तिच्यापायी चांगली घरं पडतात. कमरेपर्यंत पोपडे सुटलेली भिंत पाहून 'भिंत कुजली' असं लिहितात. बहुतेकदा दोष वरच्या सिमेंटच्या गिलाव्याचा असतो. जोत्यातून चढलेलं पाणी चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून उडून जायचं. सिमेंटनं ती वाट बंद होते. वरून डांबराचे थर चढून रस्ता उंच होतो, तीन पायऱ्यांची एक उरते आणि बेळगावचा पाऊस थेट जोत्याला लागतो. पुरलेल्या पायऱ्याही मोज.

शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, त्यामुळे जुने कागद मोडीत निघू शकतात. मोडी वाचणारं माणूस आधीच गाठून ठेव. नंतरच्या उताऱ्यांसाठी कन्नड लागेल.

घरातल्या आजींना चूल कुठं होती, बाळंतिणीची खोली कुठली, हे विचार. वाटणीचं मात्र चारचौघांत विचारू नकोस, आणि तू महापालिकेकडून आलेला नाहीस हे उंबऱ्याबाहेरच सांग. नाहीतर परड्यातला नवा संडास आणि भाड्यानं दिलेली खोली तुला कुणी दाखवणार नाही, आणि नकाशा तिथंच अर्धा राहील.