सहावा लागला की पाच भरले?

प्रश्न : माझी शेवटची पाळी 10 जून 2025 ला आली होती. 14 नोव्हेंबरच्या सोनोग्राफीत 22 आठवडे 3 दिवस लिहिलं आहे. मी पाच महिने म्हणते, सासूबाई सहावा म्हणतात आणि 22 ला चारने भागलं तर साडेपाच येतात. खरं काय धरायचं? (वाचक, सातारा)

तुम्ही भरलेले महिने मोजताय आणि सासूबाई लागलेला महिना सांगतायत, त्यामुळे दोघीही बरोबर आहात. 10 नोव्हेंबरला तुमचे पाच महिने भरले आणि त्याच दिवशी सहावा लागला. चुकतो तो चारचा भागाकार. चार आठवडे म्हणजे 28 दिवस, पण फेब्रुवारी सोडला तर महिना तेवढा लहान नसतो. या हिशेबाने 40 आठवड्यांचे दहा महिने होतात आणि घरात उगाच घोळ होतो.

दवाखान्यात मात्र महिना सांगूच नका. पाळीच्या पहिल्या दिवसापासून भरलेले आठवडे आणि वरचे दिवस सांगा. तुमचा 10 जून मंगळवार होता, म्हणजे दर मंगळवारी तुमचा एक आठवडा भरतो. कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकटीत 23, 24, 25 असे आकडे आत्ताच लिहून टाका. प्रसूतीची अंदाजे तारीख काढताना पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे : 17 मार्च 2026. हेच 280 दिवस. आपल्याकडचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ या हिशेबाच्या किती जवळ आहेत पाहा.

तिमाहीचं गणितही आठवड्यांवरच चालतं. पहिली तिमाही 13 आठवडे 6 दिवसांपर्यंत, दुसरी 14 पासून 27 आठवडे 6 दिवसांपर्यंत आणि 28 भरले की तिसरी. सातवा महिना साधारण 26 आठवड्यांना लागतो, त्यामुळे डोहाळेजेवणाच्या दिवशी तिसरी तिमाही सुरू झालेली असेलच असं नाही. तुम्ही नोकरी करत असाल आणि हे पहिलं किंवा दुसरं मूल असेल, तर 26 आठवड्यांच्या प्रसूती रजेपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेआधी घेता येतात. तुमच्या बाबतीत 20 जानेवारीपासून.

प्रश्न : पती जहाजावर असतात. ते 13 मे रोजी घरी आले. 26 जूनच्या सोनोग्राफीत आठ आठवड्यांचा गर्भ लिहिला आहे. ते येऊन तर सहाच आठवडे झाले होते. घरात कुजबुज सुरू आहे. माझी पाळी 1 मेला आली होती. (वाचक, रत्नागिरी)

तुमचा रिपोर्ट अगदी बरोबर आहे आणि त्यात संशयाला कुठेही जागा नाही. हे उत्तर घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

गर्भाचे आठवडे दिवस राहिल्यापासून मोजत नाहीत, कारण तो नेमका दिवस सहसा कुणालाच कळत नाही. पाळीची तारीख मात्र लक्षात राहते, म्हणून मोजणी तिथून सुरू होते. 28 दिवसांच्या चक्रात बीज बाहेर पडतं ते साधारण चौदाव्या दिवशी. म्हणजे पहिले दोन आठवडे मोजले जातात, पण तेव्हा गर्भ नसतोच. 1 मे ते 26 जून बरोबर 56 दिवस होतात, आठ आठवडे. त्यातले दोन वजा केले की दिवस राहिले मेच्या मध्यावर, पती आल्यानंतर. हे दोन आठवडे प्रत्येक गरोदर बाईच्या कागदावर जास्तीचे असतात.

प्रश्न : पहिल्या सोनोग्राफीत एक तारीख होती, आता 32 व्या आठवड्यात मशीनने दोन आठवडे पुढची दिली. डॉक्टर म्हणतात पहिलीच धरा. पाळी माझी 40 दिवसांनी येते. (वाचक, नांदेड)

डॉक्टरांचं ऐका. सुरुवातीच्या आठवड्यांत सगळे गर्भ जवळजवळ सारख्या वेगाने वाढतात, म्हणून 14 आठवड्यांच्या आत डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून काढलेलं वय सर्वांत भरवशाचं. पाळी 40 दिवसांची असेल तर बीज बारा दिवस उशिरा सुटतं, त्यामुळे नुसत्या पाळीवरून काढलेली तारीख तेवढे दिवस आधीची येते. पहिल्या सोनोग्राफीने हा फरक आधीच धरलेला असतो.

नंतर मशीन वय मोजत नाही, आकार मोजतं. बाळ लहान भरलं की आठवडे कमी छापून येतात. अशा वेळी तारीख पुढे ढकलली, तर बाळाची वाढ खुंटली असली तरी ती झाकली जाते. धोका तिथेच आहे. तारीख बदलली का, हे विचारत बसू नका. वाढ, पाणी आणि नाळेतला रक्तपुरवठा ठीक आहे का, पुढची तपासणी कधी, हे विचारा. पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

प्रश्न : पहिलं सिझेरियन आहे, दुसरंही ठरलंय. नववा लागला की चांगला मुहूर्त आहे, असं घरचे म्हणतात. चालेल का? (वाचक, जळगाव)

नाही. नववा लागतो तेव्हा जेमतेम 35 आठवडे भरलेले असतात आणि 37 भरायच्या आत जन्मलेलं मूल अपुऱ्या दिवसांचंच. 37 आणि 38 व्या आठवड्यातही श्वासाचा त्रास, साखर उतरणं, दूध नीट न ओढणं हे जास्त दिसतं. वैद्यकीय कारण नसेल तर ठरवलेलं सिझेरियन 39 आठवडे भरल्यावरच करतात. (सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं नाही, हा समजही सोडून द्या. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बाळ सहसा सुरक्षित.)

दवाखान्याने दिलेल्या तारखेतून सात दिवस वजा करा आणि मुहूर्त त्या दिवसापासून पुढचे मागा. मात्र त्याआधी कळा आल्या, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मुहूर्ताची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा.