इंजिनचा दोष डीलरला आधीच माहीत होता, तर भरपाई मिळते का?

तुमची गाडी 1000 किलोमीटरमागे लिटरभर ऑइल पिते, वॉरंटी संपून चार महिने झालेत, आणि ‘या मॉडेलला हा प्रॉब्लेम आहेच’ असं सांगणाराच डीलर आता 1 लाख 40 हजारांचं एस्टिमेट देतोय. भरपाई मागता येते, नक्की मागा. मी यातून गेलोय.

माझ्या गाडीचा ऑइलचा दिवा पहिल्यांदा कसारा घाटात लागला, मागच्या सीटवर आई होती. सर्व्हिस सेंटरने तीन वेळा ऑइल टॉप-अप करून ‘नॉर्मल आहे’ म्हणत परत पाठवलं. चौथ्यांदा मेकॅनिक म्हणाला, पिस्टन रिंगांची (इंजिनात ऑइल जळू नये म्हणून असलेल्या कड्यांची) ही तक्रार बऱ्याच गाड्यांना आहे. मी म्हटलं, जॉबकार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदतात त्या कागदावर, लिहा. त्याने नकार दिला. त्याच संध्याकाळी मी डीलरला मेल केला : आज तुमच्या वर्कशॉपमध्ये मला असं असं सांगण्यात आलं. उत्तर आलं, ‘या तक्रारीची कल्पना आहे, कंपनीच्या सूचनेची वाट पाहतोय.’ पुढे माझं सगळं प्रकरण त्या एका ओळीवर उभं राहिलं.

म्हणून आधी जुनी जॉबकार्डं काढा. ऑइलची तक्रार वॉरंटीत असताना एकदा जरी नोंदलेली असेल, तरी ‘वॉरंटी संपली’ हे उत्तर बरंच लंगडं पडतं. टॉप-अपची बिलंही जपा. ऑइल कन्झम्प्शन टेस्ट लेखी मागा : ऑइल पातळीपर्यंत भरून सील करतात, ठरावीक अंतर चालवून किती घटलं ते मोजतात.

मग डीलर आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही नोटीस पाठवा. एकालाच पाठवू नका. गोव्यातल्या एका ग्राहकाला 2009 ची गाडी 2011 ची नवी म्हणून विकली गेली होती. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं. तुमच्याकडे उलट आहे. दोष घडणीतला असेल तर डीलर कंपनीकडे बोट दाखवणार, त्यामुळे दोघं समोर हवेत.

उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, वकील सक्तीचा नाही. गाडीला मोजलेली किंमत 5 ते 10 लाखांत असेल तर फी 200 रुपये. मुदत मात्र दोन वर्षांची. ‘गुडविलमध्ये बघतो साहेब’ (म्हणजे वॉरंटी नसतानाही कंपनीकडून सवलत मिळवून देतो) म्हणत डीलर महिने घालवतात, त्याला भुलू नका.

नवी गाडी मिळेल अशी आशा धरू नका. भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून द्यायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच म्हटलंय. दुरुस्तीचा खर्च, गाडी उभी असताना झालेला प्रवासखर्च, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च मागा. माझ्या प्रकरणात आयोगाची नोटीस गेल्यावर मध्यस्थीत मिटलं : इंजिनचं काम फुकट आणि वर 35 हजार.

आणि एक कळकळीने सांगतो, तपासणी होईपर्यंत इंजिन खोलू देऊ नका. आयोगाकडे तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज करता येतो, पण एकदा रिंगा बदलल्या की दाखवायला काही उरत नाही. खोलावंच लागलं तर समोर उभं राहून फोटो काढा आणि जुने भाग सही घेऊन ताब्यात घ्या.