"माझी मुलगी किती शहाणी आहे" असं म्हणता तेव्हा...

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगा सात वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे, थेरपी चालू आहे. मनाविरुद्ध झालं की ओरडतो, चावतो, हाताला लागेल ते फेकतो. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत, फार शहाणी, कधी तक्रार नाही. मागच्या आठवड्यात त्याने तिची एलिमेंटरीची सरावाची चित्रं फाडली, तर ती रडलीसुद्धा नाही, गुपचूप तुकडे गोळा केले. आता कळलं की तिने क्लासमधल्या मैत्रिणींना "मी एकटीच आहे, मला भाऊ नाही" असं सांगितलंय. मला फार लागलं हो. तिला कसं समजावू?

उत्तर : ताई, समजावायला जाऊच नका. खोटं बोलली म्हणून तर अजिबात धरू नका. तुम्हाला लागलं ते कळतंय, पण मला तुमच्या पत्रात भीती वाटली ती "कधी तक्रार नाही" या शब्दांची. घरात एकाचा आरडाओरडा एवढा मोठा असतो की दुसरं पोर स्वतःचा आवाज आपोआप कमी करतं आणि आपण त्याला शहाणपणा म्हणतो. (मीही म्हणायचे, माझ्या भाचीच्या बाबतीत.)

चित्रं फाटली तेव्हा तुम्ही बहुतेक म्हणाला असाल, "अगं तो मुद्दाम नाही करत." खरंच आहे ते, बोलता येत नाही, आवाज सहन होत नाही, रोजचा क्रम बदलला की गडबडतो, मग ते असं बाहेर पडतं. पण हे वाक्य आधी आलं की तिला ऐकू येतं, तुला राग यायचा हक्क नाही. आधी तिच्याजवळ बसा, "तुझी एवढी मेहनत गेली, मलाही वाईट वाटलं" एवढंच म्हणा, भावाची बाजू रात्री, नाहीतर उद्या.

दुसरं, तिच्या वस्तूंना कुलूप हवं. एक कपाट, किल्ली तिच्याकडे. तो चिडायला लागला की तिने काय करायचं हे शांत वेळी ठरवा, म्हणजे दुसऱ्या खोलीत जायचं किंवा सरळ शेजारच्या काकूंकडे. त्याला आवरणं हे तिचं काम नाही, अंगावर आला तरी सहन करणं तर नाहीच.

आठवड्यातून एक तास फक्त तिचा, मुलगा बाबांकडे. कॉलेज रोडला चक्कर मारा, मिसळ खा, सोमेश्वरला धबधबा बघत बसा, काहीही, पण त्या तासात भावाचा विषय तिने काढला तरच. आणि "आज त्याचा मूड बरा नाही" म्हणून रद्द करू नका, तिचं सगळं त्याच कारणाने रद्द होत आलेलं असतं.

मैत्रिणींना काय सांगायचं ते तिलाच ठरवू द्या. हवं तर एक वाक्य तयार करून द्या, "त्याला ऑटिझम आहे, गर्दी-गोंगाट त्याला सहन होत नाही". अमेरिकेत डॉन मेयर यांनी अशा भावंडांसाठी 'सिबशॉप' सुरू केले, खेळता खेळता मुलं आपसात बोलतात. आपल्याकडे थेरपी सेंटरच्या बाकड्यावर होमवर्क करत बसलेली अशीच दोन-चार मुलं असतात बघा. त्यांच्या आयांशी बोला, मुलांना एकत्र खेळायला सोडा.

अजून एक. "आमच्यानंतर याला कोण बघणार" हे तुम्ही हळू आवाजात बोलता ना, तिने ते ऐकलेलं असतं. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम येतो, मुलगा 18 चा झाला की जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो, निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्यविमाही आहे. हे तुम्ही दोघं बघा आणि तिला स्पष्ट सांगा, ही सोय लावणं आमचं काम, तुझं नाही.

झोप उडाली, सारखं पोट दुखतंय, शाळेत जायचंच नाही असं दिसलं तर तिच्यासाठीही समुपदेशक गाठा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे.

आणि हो, नवी चित्रकलेची वही आणायला मेन रोडला तिला बरोबर घेऊन जा. रंग कुठले घ्यायचे ते तिला ठरवू दे, कितीही वेळ लागू दे.